नारंगीची बरोबर शेड

इतकी वर्षं हे मी कुणाला बोललेलो नाही — बायकोला तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सांगतोय. ओळखीच्याला सांगायची छाती नाही, काय करणार?

मी सोलापुरात चादरीच्या कारखान्यात रंगमास्तर. गिऱ्हाइकानं नमुना दाखवावा आणि मी तोच रंग काढून द्यावा, यात माझा हात धरणारा कुणी नाही. हे आधी सांगतो, कारण सगळा घोळ या हुशारीनंच केला.

मला टीबी झाला. सरकारी गोळ्या सुरू झाल्या. थोड्या दिवसांत खोकला गेला, अंग भरलं — मग गोळ्या कशाला, सांगा की? वर त्या घेतल्या की पोटात ढवळायचं, शेंगाचटणी-भाकरीसुद्धा नको वाटायची. शेंगाचटणी नको म्हणणारा माणूस सोलापुरात जगून करणार काय? मग कधी गोळ्या पोटात, कधी मोरीत.

पण त्या गोळ्यांनी लघवी नारंगी होते. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर तेवढ्यासाठी बाटली मागायच्या — रंग दिसला म्हणजे गोळ्या घेतल्या. आता रंगमास्तराची रंगात परीक्षा? कारखान्यातला रंग बाटलीत कालवला. पहिली जरा लालसर झाली, ती मीच नापास केली. दुसरीत पिवळा वाढवला. सिस्टरनी उजेडात धरून बघितली. म्हणाल्या, "शाबास मामा, लई नियमित हाय तुमचं." खोटं कशाला बोलू — मला अभिमान वाटला.

सगळा कोर्स मी असाच पार पाडला.

पुढं बायकोला, शालनला, खोकला लागला. मलाही परत येत होता, पण मी खडीसाखर चघळून दाबायचो. जवळच्या डॉक्टरनं तिला टीबीच्या नेहमीच्या गोळ्या दिल्या. तिनं एकही न चुकवता घेतल्या, तरी ती वाळतच चालली. मोठ्या दवाखान्यात आम्हा दोघांची थुंकी तपासली. दोघांत एकच जंतू — नेहमीच्या औषधांना दाद न देणारा.

डॉक्टर तरुण पोरगी, समजावून सांगणारी. म्हणाली, जंतू वाढताना आपल्या जनुकांची नक्कल करतो, त्यात क्वचित चूक होते. त्या चुकीनं औषध जिथं बसतं ती जागाच बदलते. सगळ्या गोळ्या नीट घेतल्या तर असा जंतू जोडीच्या दुसऱ्या औषधानं मरतो. अर्धवट घेतल्या तर साधे मरतात, हा उरतो, आणि याचंच खानदान वाढतं. मला लगेच कळलं — सुताला लागणारा रंग पॉलिस्टरला किती उकळला तरी धरत नाही, तसं. इतकं चटकन कळल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून मी पंख्याकडं बघत बसलो.

"काका, तुम्ही आधीचा कोर्स पूर्ण केला होता ना?"

शालनच म्हणाली, "व्हय की. एक दिवस चुकवला न्हाय ह्यांनी. सिस्टरला इचारा."

मग डॉक्टरनी तर्क केला — हिला बाहेर कुठंतरी लागला असेल, आणि हिच्याकडून मला. मी मान हलवली. हो, हलवली. तिथंच तोंड उघडलं असतं तर? नाही उघडलं.

औषधं बदलली, लांबलचक चालली, दोघं बरे झालो. या वेळी मी एक गोळी चुकवली नाही. पण त्या औषधांनी शालनचे पाय बधिर झाले ते झालेच. चप्पल निसटून मागं राहते, तिला कळत नाही. मी उचलून आणतो, आणि गल्ली म्हणते, काय नवरा मिळालाय.

परवा तिच्या पायांना तेल चोळत होतो. तिचे डोळे भरले. म्हणाली, "माज्यामुळं तुमाला परत आजार भोगावा लागला. मला माफ करा."

मी केलं माफ.