ट्रान्सफॉर्मरच्या सावलीला

वडवणीच्या अलीकडं सबस्टेशन हाय. तिथं मी वॉचमन होतो. बायको आन् मी फाटकाजवळच्या खोलीत राहायचो. आता ती न्हाई. चौथीच्या वर शिकलो न्हाई, पण हे लिहितो.

मोठा ट्रान्सफॉर्मर कुंपणाच्या आत. रोजचाच घुमल्यासारखा आवाज, ना गळती, ना जास्तीचा गरमपणा. एकदा बीडवरून तपासणीवाला आला. खालच्या नळातून त्यानं काचेच्या सिरिंजमधी तेल ओढलं, एक बुडबुडा राहू दिला न्हाई.

"रक्त काढतोस काय बे?"

"तसंच, बाबा. आत बिघाड असला की तेलात गॅस विरघळतो. लॅबमधी कळतं."

तेवढ्यात बायको वाटी घेऊन आली. आमच्याकडं गुडघ्याला हेच तेल चोळतात. ऊस तोडून तिचे गुडघे गेलते.

"थोडं द्या की, दादा."

"मावशी, हे औषध न्हाई. घातक हाय."

"मग तुमी कावून एवढं जपून नेताव?"

तो हसला, पण दिलं न्हाई.

मग एक दिवस दुपारी त्याचाच फोन आला. "बाबा, तेलात ॲसिटिलीन लई निघालं. आत ठिणग्या पडायल्यात. बंद करायला सांगितलंय, तुमी लांब व्हा."

ॲसिटिलीन म्हणजे वेल्डिंगवाल्याच्या टाकीतला गॅस, एवढं मला ठाऊक. मी मागं बघितलं. कुंपणाला पाठ लावून, ट्रान्सफॉर्मरच्या सावलीला, ती ज्वारी निवडत बसली होती. रोज तिथंच बसायची.

"ए, ऊठ! फुटंल ते!"

"काय फुटंल? आवाज हाय तसाच हाय. सूप तर भरू द्या."

दंडाला धरून ओढली. ज्वारी मातीत गेली. रस्त्यापर्यंत मला शिव्या घालत आली. आन् आवाज एकदम थांबला. आतल्या ऑपरेटरनं बंद केलं होतं. तिची शिवी अर्धीच राहिली.

पुढं दुरुस्तीवाल्यांनी तेल काढून झाकण उघडलं. तांब्याचा एक जोड सैल होऊन झिजला होता, भवतालचा कागद कोळसा झालता. ती वाकून बघत राहिली.

"आतून एवढं जळालं, आन् वर काहीच न्हाई?"



यंदा तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर म्हणाला, आत लई दिवसाचं हाय, उशीर झाला. त्याच सकाळी तिनं भाकरी थापल्या होत्या. डॉक्टरचं तोंड बघत मी उभा राहिलो. दंड धरला होता तिचा, पण ओढून न्यावं कुठं, ते कळंना.