दादूची ओ

दादू गेल्याचं कळलं ते सकाळी, दार फोडल्यावर. अंगाला हात लावून वैद्य म्हणाले, "काल दुपारीच गेलेत हे."  पण आदल्या दिवशी दिवेलागणीला मी त्याच दारावरून हाक मारली होती, आणि आतून ओ आली होती...

आमच्या हरिपुरात हळद जमिनीखाली, पेवात साठवतात. पेव उघडलं की आतली कोंदट हवा जीव घेते, म्हणून आधी कंदील सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस उतरतो. तो खाली असेतो वरच्याने हाका मारत राहायचं आणि ओ आली नाही की दोर ओढायचा.

दादू दारूपायी सातारच्या तुरुंगात जाऊन आलेला. नशेत एकाचं डोकं फोडलं होतं. सुटून आला तर सख्ख्या भावाने दार लावून घेतलं. हळदीचे व्यापारी अण्णा, त्यांनी मात्र त्याला पेवावर कामाला ठेवलं. थोड्याच दिवसांत दादू त्यांना म्हणाला, "अण्णा, पेवात मला भ्या वाटत न्हाई. वर आल्यावर वाटतंय. सांज झाली की घशाला लय कोरड पडती. तवा कोन हाक मारनार?"

"आमी मारू की," अण्णा म्हणाले.

लढाईचे दिवस, रॉकेल मिळेना, सांजेलाच गल्ली काळीठिक्कर व्हायची. त्या काळोखात दादूच्या खोलीवरून जाणारा-येणारा ओरडायचा, "दादू, हाइस का रं?" आतून यायचं, "हाय!" म्हणजे आज प्यालेला नाही; प्यालो तर ओ देणार नाही, असं त्यानेच कबूल केलेलं. "आवं, बायकू बी एवढ्या हाका मारत न्हाई," म्हणून तो आमचीच चेष्टा करायचा.

एकदा ओ आली नाही. आम्ही आत घुसलो. पुढ्यात भरलेली बाटली, आणि दादू गुडघे पोटाशी घेऊन थरथरत बसलेला. "खोटी ओ देववत न्हाई गड्या," म्हणाला. जन्मात दारूला न शिवलेल्या अण्णांनी ती बाटली स्वतः उचलून उकिरड्यावर ओतली. त्यानंतर त्याची ओ कधी चुकली नाही.

त्या सकाळी अण्णांनी मला बाजूला घेतलं. "काल काय म्हनला?"

"हाय, म्हनला."

"म्हंजी शेवटच्या दिशीबी प्याला न्हाई," म्हणत अण्णा ओक्साबोक्शी रडले. मला रडूही आलं आणि अंगावर काटाही.

महिना होत आला. खोली बंदच आहे. दिवेलागणीला तिथून जाताना हाक अजून तोंडातून जातेच, गल्लीतल्या सगळ्यांच्याच. फक्त आता दाराशी कुणी थांबत नाही. ओ आली नाही तर जीव तुटेल, आणि आली तर...