अरविंददा, माधव आणि अर्ध्यावर सोडलेला सिनेमा

सकाळी एडिटिंगला बसले होते, तेव्हा धरणाकाठच्या माल्याहून सुगंधाबाईंचा फोन आला. त्या अरविंददाकडे स्वयंपाकाला येत. एरवी आधी माझी चौकशी करणाऱ्या बाई एकदम म्हणाल्या, “ताई, सर आज उठलंच न्हाईत. चहा गार झाला, तरी उठंनात. तुमी या.” मी निघाले. पौड मागे पडलं, पुढे धरणाचं पाणी दिसायला लागलं, आणि माझ्या डोक्यात एकच विचार घोळत राहिला... माधवला हे कळवायचं कुणी?

छायालेखक अरविंद मिराशी आणि दिग्दर्शक माधव. आमच्या पिढीतल्या सिनेमावाल्यांना ही नावं सुटी घ्यायची सवयच नव्हती. मी त्यांची संकलक, दोघांहून लहान. त्यांच्या पहिल्या सिनेमात एका म्हातारीच्या मरणाचा प्रसंग होता. कौलारू घर, अंधारं माजघर. अरविंददानं आणलेले सगळे दिवे परत गाडीत ठेवायला लावले, छपरावर चढून एक कौल सरकवलं आणि खाली येऊन जमिनीवर बसून राहिला. उन्हाची तिरीप म्हातारीच्या हातावर यायला हवी होती. निर्माता येरझारा घालत होता. माधवनं विचारलं, “किती वेळ?” “ऊन येईल तेव्हा,” अरविंददा म्हणाला. माधवही मग त्याच्या शेजारी मांडी घालून बसला. ऊन आलं, कॅमेरा सुरू झाला, तिरिपेत धूळ तरंगत राहिली आणि म्हातारीचा हात सैल पडला. ते दृश्य माझ्याकडे आलं, तेव्हा कात्री लावायला मला जागाच सापडली नाही. जसं होतं तसं ठेवलं. पुढच्या सगळ्या सिनेमांत दोघांचं असंच चाललं. बोलणं कमी, वाट बघणं जास्त.

शेवटच्या सिनेमाचं चित्रीकरण निम्म्यावर आलं असताना रोजची दृश्यं बघताना मला काहीतरी खटकायला लागलं. प्रकाश नेहमीसारखाच सुंदर, पण चौकटीची डावी कड सुटत होती. एकदा तिथे दिव्याचा स्टँड दिसला, एकदा कुणाचा तरी अर्धा खांदा. अरविंददाच्या हातून हे होणं शक्यच नव्हतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “काचबिंदू आहे, नीला. समोरचं दिसतं, कडा गेल्यात. माधवला बोलू नकोस.”

“का पण? तो काही तुला काढून टाकणार नाही.”

“नाहीच काढणार. उलट मला जेवढं दिसतं, तेवढाच सिनेमा करेल.”

पुढच्या आठवड्यात पटकथा पटत नाही असं सांगून तो सिनेमा सोडून गेला. दुसऱ्या छायालेखकानं तो पूर्ण केला. माधव त्याविषयी कुणाशी काही बोलला नाही आणि दोघांमधलं बोलणं तिथेच थांबलं.

अरविंददानं माल्याला छोटं घर घेतलं. सुरुवातीला शनिवार-रविवारी विद्यार्थी, जुने सहकारी यायचे. मग तेही येईनासे झाले. पावसाळ्यात सहलीच्या गाड्या दारावरून धरणाकडे जायच्या. एखादी गाडी हळू झाली, की अरविंददा बोलता बोलता थांबायचा. गाडी पुढे निघून गेली, की राहिलेलं वाक्य पूर्ण करायचा... मी ते पाहिलंय, आणि पाहिलं नाही असं दाखवलंय. संध्याकाळी तो सुगंधाबाईंना विचारायचा, “डोंगर कसा दिसतोय आज?” बाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, “कसा दिसंल? डोंगरासारखाच दिसतुया.” तो मनापासून हसायचा. त्या घरात ऐकलेलं त्याचं हसू मला एवढंच आठवतं.

तो गेल्यानंतर काही आठवड्यांनी माधवचा फोन आला. “घर बघायचंय,” एवढंच म्हणाला. आम्ही निघालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. गाडीत मी त्याला डोळ्यांचं सगळं सांगितलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

“मला माहीत होतं, नीला. मी मॉनिटरसमोर बसायचो. मला कडा दिसत नसतील का?”

“मग बोलला का नाहीस?”

“वाटलं, तो सांगेल. त्याच्या आधी आपण कसं बोलायचं?” थोड्या वेळानं तो म्हणाला, “आणि मग फारच वर्षं गेली.”

सुगंधाबाईंनी दार उघडून ठेवलं होतं. खोलीत फारसं काही नव्हतं. एक पलंग, आणि पाण्याच्या बाजूच्या खिडकीपाशी समोरासमोर ठेवलेल्या दोन वेताच्या खुर्च्या. माधव जवळच्या खुर्चीत बसायला लागला, तशा बाई म्हणाल्या, “तितं नगा बसू, ती सरांची हाय. पाव्हण्याला त्या समोरच्या खुर्चीत बसवायचं. तितं त्वांडावर उजेड पडतुया, म्हंजी त्यांना माणूस दिसायचं.”

माधव उठला आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसला. दुपार कलली होती. पाण्यावरून आलेला उजेड त्याच्या चेहऱ्यावर एका बाजूनं पडला... अरविंददाला आवडायचा तसा. मी दारातच उभी राहिले. माधव समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून, न हलता, बराच वेळ बसून राहिला.