दाजींचं बिनमिरचीचं ताट

दाजी कधी सरळ जेवायला बसले नाहीत. ताट समोर आलं की त्यातला एखादा जिन्नस चिमटीत धरून उजेडाकडे उचलायचे, जप्त केलेला माल पंचांना दाखवावा तसा, आणि वाढणाऱ्या बाईकडे बघून विचारायचे, "हे कुणाचं?"

बाई नवखी असली तर म्हणायची, "तुमचंच की. खावा."

मग आमटी गार होईपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं. बटाटा पेरू देशातला. टोमॅटो त्याच्या शेजारपाजारचा. मिरची पोर्तुगीजांनी गलबतातून आणलेली, पाव त्यांचाच. जिलेबी इराणकडची आणि पुरणातला हरभरासुद्धा तुर्कस्तानाकडून चालत आलेला. "मग आपलं काय हो दाजी?" असं कुणी भोळेपणानं विचारलं की दाजी हात झटकून म्हणायचे, "आपली फक्त भूक."

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला फार आवडलं होतं. कंपनीत दोघाचौघांना मी ते ऐकवलंही, अर्थात स्वतःचं म्हणून. पुढे दर सणाला, दर बारशाला, दर वास्तुशांतीला तेच कानावर पडायला लागलं, तेव्हा ते वाक्य आणि पोळी दोन्ही घशाखाली उतरेनाशी झाली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राजगुरुनगरच्या पलीकडचं गाव, चाकणच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये नोकरी. नट-बोल्ट मोजण्यात हयात गेली. मग कंपनीनं चार पैसे हातावर ठेवून घरी बसवलं. त्याच सुमारास मुलगा ताथवड्याच्या कॉलेजात इंजिनिअर व्हायला गेला आणि जाताना घरात इंटरनेट लावून गेला. रिकामा माणूस आणि फुकटचं इंटरनेट एका खोलीत ठेवू नयेत. दाजींनी कुठल्याशा परदेशी विद्यापीठाचा 'जगाच्या अन्नाचा इतिहास' असा कोर्स घरबसल्या पूर्ण केला. त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून फ्रीजच्या वर टांगलं. शेजारी गणपतीची तसबीर होती, ती थोडी बाजूला सरकवावी लागली.

त्या दिवसापासून दाजी आमच्यातून उठले. बोलणंही बदललं. एरवी "व्हय" म्हणणारा माणूस "निश्चितच" म्हणायला लागला. मेक्सिकोतले लोक मका कसा भिजवतात, चीनमध्ये चहा आधी औषध म्हणून कसा प्यायचे, हे सगळं त्यांना तोंडपाठ. स्वतःच्या घरात मिठाची बरणी कुठल्या फळीवर आहे, हे मात्र ठाऊक नव्हतं. सात समुद्र ओलांडणारी नजर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली की आंधळी व्हायची. तिथून नुसता आवाज यायचा, "अगं, चहा."

हे मी तटस्थपणे लिहितोय असं कुणी समजू नये. मला दाजींचा मनापासून राग यायचा. मी गिअरच्या कारखान्यात तपासनीस आहे. दिवसभर दुसऱ्यानं केलेल्या वस्तूला मापाचा गेज लावायचा आणि ती बाजूला फेकायची, हा माझा पगारी धंदा. तोच उद्योग हा माणूस बिनपगारी आणि माझ्या बायकोच्या स्वयंपाकावर करायचा, हे सहन होईना.

एका एकादशीला ते आमच्या मोशीच्या घरी आले. बायकोनं कौतुकानं साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली. दाजींनी एक शेंगदाणा चिमटीत धरला.

"वहिनी, हे कुणाचं?"

"अहो दाजी, उपासाचं आहे."

"ब्राझीलचं आहे. साबुदाणाही तिथल्याच कंदाचा. वर मिरची, बटाटा, सगळे तिकडचेच. उपास कसला, ही दक्षिण अमेरिकेची सहल आहे. तुमच्या देवाला हे कळलं तर तो तुमचा उपास धरणारच नाही."

बायकोनं ताट उचललं, आत नेलं आणि परत आणलंच नाही. दाजी पाणी पिऊन गेले. पाणी कुणाचं हे त्यांनी विचारलं नाही, एवढीच कृपा.

ताईचं तसं नव्हतं. तिला ताट उचलून आत न्यायची सोय नव्हती. आत-बाहेर सगळं तिचंच. दाजी घरी बसल्यापासून घर ती चालवायची, डबे करून. चाकणच्या कंपन्यांत लातूर, बीड, परभणीकडची पोरं कामाला असतात, दहा बाय दहाच्या खोलीत चौघं-पाचजण राहतात. त्यांचे डबे. ताई पहाटे उठायची, पोळ्या लाटायची, भाज्या करायची आणि डबे घेऊन तीन-तीन जिने चढायची. गुडघे बोलायला लागले होते. म्हणून एका कंपनीच्या कँटीनचं काम निघालंय असं कळलं तेव्हा तिनं अर्ज केला. ते मिळालं तर मोठं स्वयंपाकघर, हाताखाली चार बाया, आणि जिने कायमचे बंद. कंपनीनं सांगितलं, एक दिवस जेवण करून दाखवा. कँटीन कमिटी चाखेल आणि ठरवेल.

ताईनं ठरवलंही होतं. बटाट्याची रस्सा भाजी, शेंगदाण्याचा ठेचा, चपाती, वरणभात, शेवटी चहा.

इथे दाजी इतिहासातून बाहेर आले. ताईला न विचारता ते एचआरच्या साहेबांना जाऊन भेटले. साहेब तरुण, हवेत बोलणारे. दाजींनी त्यांना सांगितलं, आम्ही तुम्हाला मिरची येण्याआधीचं ताट वाढतो. पोर्तुगीजांच्या आधी आपले पूर्वज जे जेवत होते, ते. साहेब खूश. "सर, कन्सेप्ट एकदम युनिक आहे!" म्हणाले. झालं. मेनू ठरून दाजी घरी आले.

मी त्या दिवशी तिथे होतो. ताईच्या हातात बटाट्यांची पिशवी तशीच होती.

"मिरची न्हाई?" ताईनं विचारलं.

"नाही. मिरी वापर. पिंपळी वापर."

"बटाटा, टॉमॅटो?"

"बाहेरचे."

"आन् भाकरी? ज्वारी तर आपली हाय ना?"

दाजी जरा घुटमळले. "ज्वारी मूळची आफ्रिकेची. पण ती फार जुनी आहे. ती चालेल."

ताईनं पिशवी खाली ठेवली. "मंजी बाहेरची असली तरी चालती. मग किती वर्सं राहिलं की घरचं व्हतं ओ? मी बी बाहेरनंच आलेय या घरात. माजी भरली का वर्सं?"

दाजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "विषय भरकटवू नकोस."

मेहुण्यानं अशा वेळी काहीतरी बोलायचं असतं. मी बोललो. मी म्हणालो, "मिरी महाग पडेल." माझा धाक घरात एवढाच.

ठरल्या दिवशी ताट मांडलं गेलं. ज्वारीची भाकरी, कुळथाचं पिठलं, मिरी घातलेली वांग्याची भाजी, तिळाची चटणी, भात. ताईच्या हाताला चव होती, म्हणून ते वाईट नव्हतं. पण मिरची नाही म्हटल्यावर चटणीचं तोंड विधवेसारखं दिसत होतं, आणि ते बघून कमिटीची तोंडंही तशीच झाली. कमिटीत कामगारांचे वाघमारे म्हणून होते, लातूरकडचे. त्यांनी दोन घास खाल्ले, ताटात इकडेतिकडे शोधलं आणि विचारलं, "मावशी, हे काय वाढायलाव ओ? कुणाचं सुतक हाय का?"

दाजी पुढे झाले. वाघमारेंना गलबतं, मसाल्याचे मार्ग, पोर्तुगीज असं सगळं ऐकवलं. वाघमारे लाइनवर उभं राहून आले होते. त्यांनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाले, "बरं. चहा आणा मग."

"चहा चीनचा," दाजी म्हणाले. "सुंठेचं पाणी आहे."

कारखान्यात माणसाचा पगार एकवेळ उशिरा चालतो, ओव्हरटाइम बुडाला तर माणूस शिव्या देऊन गप्प बसतो. पण चहा नाही, असं तोंडावर सांगणारा माणूस तिथे आजवर जन्मला नव्हता. वाघमारे उठले. त्यांच्यामागे कमिटी उठली. साहेब तेवढे "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हणाले आणि बाहेर टपरीवर जाऊन वडापाव खाऊन आले. काम दुसऱ्याला गेलं.

रिक्षातून घरी येईपर्यंत दाजींचं चालूच होतं. "गुलाम जिभा आहेत. जीभ पोर्तुगीजांची आणि रुबाब मराठ्यांचा." ताई रिकामी पातेली मांडीवर घेऊन बसली होती. घरी आल्यावर दाजी खुर्चीत टेकले, पाय पसरले आणि नेहमीसारखी हाक मारली, "अगं, चहा."

ताईनं पेला आणून ठेवला. दाजींनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. सुंठेचं पाणी.

"हे काय?"

"च्या चीनचा हाय," ताई म्हणाली. "आजपासनं तुमच्या ताटात बाहेरचं काय बी येनार न्हाई. लोकांस्नी जे वाढाय लावलं, ते आता तुमी खावा."

आणि तिनं ते पाळलं. डबे पूर्वीसारखेच तिखटजाळ जायचे, आम्हा पाहुण्यांना रस्सा, ठेचा, भजी, सगळं मिळायचं. दाजींच्या ताटात कुळीथ, मिरी आणि दोडका. हा दुसरा कुणी माणूस असता तर पहिल्याच आठवड्यात पाया पडला असता. पण सर्टिफिकेट फ्रीजवर होतं. ते काढल्याशिवाय फ्रीजमधला ठेचा मागणार कसा? मग ते आमच्यासमोर भाकरी कुस्करत म्हणायचे, "चव शुद्ध आहे हो." तेव्हा त्यांचं नाक मात्र माझ्या वाटीकडे वळलेलं असायचं. मी रस्सा जरा जास्तच आवाज करून भुरकायचो. माणसानं एवढं सुख तरी घ्यावं.

मग एका दुपारी आमच्या मोशीच्या घराची बेल वाजली. दारात दाजी. चाकणहून बस बदलत आलेले, घामाघूम. आत येऊन बसले, हवापाण्याचं बोलले, सोसायटीच्या पाण्याचं विचारलं. शेवटी छताकडे बघत म्हणाले, "वहिनी, आज एकादशी ना?"

माझी बायको अशी संधी सोडणारी नाही. तिनं खिचडी परतली. वर तूप, बाजूला दही, तळलेली मिरची. ताट घेऊन ती दाजींच्या समोर उभी राहिली, पण ताट खाली ठेवेना. तिनं एक शेंगदाणा चिमटीत धरला आणि विचारलं, "दाजी, हे कुणाचं?"

दाजींनी शेंगदाण्याकडे पाहिलं, मग मिरचीकडे. म्हणाले, "खाली ठेवा, वहिनी. निवतंय."

ते कसे जेवले हे सांगत नाही. गेलेल्या माणसाबद्दल काही गोष्टी लिहू नयेत. दुसऱ्यांदा खिचडी मागताना ते "व्हय, वाढा अजून" म्हणाले, एवढं मात्र नोंदवतो. 'निश्चितच' त्या मिरचीबरोबर जळालं होतं.

दाजी बसस्टॉपवर पोचायच्या आत बायकोनं ताईला फोन केला. ताई हसली नाही. म्हणाली, "येऊ द्या घरी. बटाटं सोलायचं हायती."

कारण कँटीनचं काम पुन्हा निघालं होतं. ज्याला मिळालं होतं त्याच्या आमटीत डाळ शोधावी लागायची, म्हणून कामगारांनी ताटं परत केली होती. वाघमारेंनीच ताईला निरोप धाडला होता, "मावशी, एकदा तुमच्या मनानं करून आणा." दाजींना हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांना थेट पोत्यासमोर बसवलं आणि हातात सोलणं दिलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये बटाट्याचा रस्सा होता, ठेचा होता, चहाची किटली आधीपासूनच गॅसवर होती. दाजी मागे भांड्यांपाशी उभे. वाघमारेंनी पहिला घास घेतला, नाक पुसलं आणि बोलायचं सोडून दुसरी चपाती ओढली. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात एचआरच्या साहेबांना दाजी दिसले.

"अरे सर! तुम्ही! या मेनूची हिस्टरी काय आहे? सांगा ना!"

ताईचा डाव हवेत थांबला. मी तिथे पातेली उचलायला गेलो होतो. माझ्या हातातलं झाकण मी घट्ट धरलं, वाजू नये म्हणून. ताई दाजींकडे बघत नव्हती. ती रश्श्याकडे बघत होती. दाजींनी चष्मा पुसला. घसा खाकरला. पेरू देश त्यांच्या अगदी ओठांवर आलेला मला स्पष्ट दिसला.

"हिस्टरी काय," दाजी म्हणाले. "हे सगळं आमच्या मंडळींनी केलंय."

जगातल्या अन्नाविषयी त्यांनी आयुष्यभर दिलेल्या उत्तरांपैकी हे एकच बरोबर होतं, असं माझं मत आहे. ताईनं डाव पुन्हा रश्श्यात बुडवला. म्हणाली, "साहेबांना वाढा ओ कुणीतरी."

काम ताईला मिळालं. दाजींनाही मिळालं. त्यानंतर शेवटपर्यंत ते रोज सकाळी कँटीनच्या मागच्या ओट्यावर बटाटे सोलत बसायचे. ते सुधारले, असा समज कुणी करून घेऊ नये. रोज पहिला बटाटा ते चिमटीत धरून उजेडाकडे न्यायचे, समोरच्या बायांकडे बघायचे आणि सुरुवात करायचे, "हा मूळचा..."

आतून ताईचा आवाज यायचा, "सोला."

आणि ते सोलायचे.

दाजी जाऊन आता वर्ष होईल. सर्टिफिकेट अजून फ्रीजवर आहे, फक्त गणपती पुन्हा मध्यावर आलाय. आमच्याकडे परवा पाहुणे होते, म्हणून बायकोनं मला ओट्याशी बसवून कामाला लावलं. पहिला बटाटा हातात घेतला आणि काय झालं कोण जाणे, मी तो उजेडाकडे धरला. पाहुण्यांकडे वळलो. म्हणालो, "हे कुणाचं, माहीत आहे?"

बायकोनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"सोला," ती म्हणाली.