तांब्याएवढी परी

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि शहापुरात आमच्या ओसरीवर दर रविवारी एक राज्य जिंकलं जायचं. जिंकणारे तिघे. एक माझा दादा. तो कल्याणला कॉलेजात जायचा आणि तिथल्या कुणा मित्राकडून एका परदेशी खेळाच्या नियमांची झेरॉक्स घेऊन आला होता. दुसरा त्याचा जवळच्या शेणवे गावचा मित्र. घरची भातशेती, आणि आवाज असा की आमच्याकडे हळू बोलला तरी शेजारची म्हैस कान टवकारायची. तिसरा कसाऱ्याचा, वडील रेल्वेत, त्यामुळे स्वतःला अर्धा मुंबईकर समजणारा.

खेळ मोठा गमतीचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. दादा गोष्ट सांगणार: समोर जंगल आहे, जंगलात पडका किल्ला आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि ते काय करतं ते बोलायचं. जमलं की फसलं, ते फासा ठरवणार. मूळ खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. बाजारात विचारलं तर दुकानदाराने लुडोचा फासा पुढे केला आणि "हाच जास्त वेळा फिरवा" असा सल्लाही दिला. शेवटी दादाने वीस चिठ्ठ्या लिहून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. डबा खुळखुळवायचा, चिठ्ठी उचलायची. मोठा आकडा आला की जमलं.

शेणव्याचा झाला होता योद्धा, कसाऱ्याचा चोर. मी अकरावीत होते आणि माझ्याकडे खातं होतं चहाचं. कपबशा नेता-आणता त्यांची प्रत्येक लढाई मला पाठ झाली होती. मला त्या चटईवर बसायचं होतं. त्या वर्षी याहून मोठी महत्त्वाकांक्षा मला नव्हती. अकरावी पास होण्याचीसुद्धा नाही.

"मला परी व्हायचंय," एका रविवारी ट्रे खाली ठेवून मी जाहीर केलं.

झेरॉक्समध्ये राक्षस होते, बुटके होते, दाढीवाले जादूगार होते, परी नव्हती. दादा म्हणाला, तुझी तू बनव. मी रात्रभर मन लावून बनवली. माझी परी उडायची, अदृश्य व्हायची, नुसत्या नजरेने झोपवायची, जखमा भरायची आणि तिला काहीही लागायचं नाही. पुढच्या रविवारी मी चटईवर मांडी घातली, परी उडाली, अदृश्य झाली, किल्ल्यातल्या सगळ्यांना झोपवून खजिना घेऊन परत आली. चहा अजून गरम होता.

"झालं?" शेणव्याच्या मित्राने तलवारीच्या जागी धरलेली फूटपट्टी खाली ठेवली. "मंग आमी काय भजी तळू?"

"टाइमपास पन झाला नाय रे," कसाऱ्याचा म्हणाला.

मला उठवण्यात आलं. मग मी दुसरं टोक गाठलं. नवी परी तांब्याएवढी, अंगात ताकद मुळीच नाही, जादू दिवसातून एकदा आणि तीही फुलं उमलवण्याची. तिला किल्ल्याच्या मोरीत घुशीने मारलं. तिघेही माझ्याकडे अशा दयेने बघत होते की तेवढ्याने मला रडू यावं.

"एक चान्स आणखी," दादा म्हणाला. "दिवाळीनंतर. तेव्हा पण खेळ बिघडला तर तू आणि तुझी परी, दोघी स्वयंपाकघरात."

दिवाळीला मी मुरबाडकडे, वैशाखऱ्याला मावशीकडे गेले. तिच्या घरी नुकतीच सून आली होती आणि तिला नदीच्या डोहावर साती आसरांच्या पाया पडायला न्यायचं होतं. मी शेपटासारखी मागे. डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड. मावशीने सुनेकडून एकेकीची ओटी भरून घेतली: तांदूळ, नारळ, खण, हिरव्या बांगड्या.

"मावशी, ह्या पऱ्याच ना एका परीने?" मी विचारलं. "ह्यांना उडता येतं?"

"उडतात का पोहतात ते मी कशाला बघाय गेले? त्यांच्या मनात आलं तर डोह आटवतील."

"मग आटवत का नाहीत?"

"कुनी ओटी भरल्याबिगर त्या कशात पडत नायत गो. बाईमानसाला मान नको?" आणि सुनेकडे वळून, "पदर नीट घे. आसरा बघतायत आनि माझी बहीन पन शहापुरात बसून बघत असंल."

मी मात्र तिथेच नाचायची बाकी राहिले होते. पहिल्या परीला कुणाचीच गरज नव्हती आणि दुसरीची कुणाला गरज नव्हती. आता मला तिसरी दिसली. ती तांब्याएवढीच राहील. मांडवाच्या उंचीपर्यंत फुकट उडेल. पण मोठी जादू करायची तर आधी सोबत्यांपैकी कुणी तिची ओटी भरली पाहिजे, एका जादूला एक नारळ. आणि नारळ तिच्या स्वतःएवढा, म्हणजे तो वाहायचा दुसऱ्याने. झेरॉक्समध्ये ओझ्याचे नियम फार कडक होते. योद्ध्याची ढाल, तलवार, शिदोरी धरून झोळीत जेमतेम दोन नारळ मावत होते.

दादाने नियम वाचले, डोकं खाजवलं आणि खेळ मांडला. या वेळी मोहीम गुहेतल्या राक्षसावर. वाटेत पहारेकरी आडवे आले. चोराने योद्ध्याच्या झोळीतला एक नारळ काढून परीची ओटी भरली, मी चिठ्ठी उचलली, सतरा आला आणि पहारेकरी जिथल्या तिथे घोरू लागले. चोराने त्यांच्या किल्ल्या पळवल्या, योद्ध्याने दार फोडलं. तिघांनाही काम होतं. मी कुणालाही दिसणार नाही असं हसत होते.

मग आम्ही गुहेच्या तोंडाशी आलो. शेणव्याच्या मित्राने हातातली काल्पनिक झोळी उघडली आणि सहज म्हणाला, "थांबा. मी नारळ फोडतो."

त्याच्या घरी नांगर धरताना नारळ, भाताच्या झोडणीला नारळ, पाण्याचा पंप बसवला तेव्हाही नारळ. राक्षसाच्या गुहेत तो तसाच शिरेल कसा? आणि आमचीही कमाल म्हणजे कुणाला काही खटकलं नाही. मीसुद्धा मनातल्या मनात हात जोडले. कसाऱ्याच्याने खोबरं मागितलं, दादाने त्याला ते दिलं आणि वर ताकदीचा एक गुणही वाढवला.

आत राक्षसाने पहिल्या फटक्यात योद्ध्याला लोळवलं. चोराला दोरीने खांबाला बांधलं.

"परी," दोघे एका सुरात म्हणाले. शेणव्याचा कसाऱ्याच्याकडे वळला, "भर रे तिची ओटी."

कसाऱ्याच्याने काल्पनिक झोळी चाचपली.

"यार," कसाऱ्याचा हळूच म्हणाला, "नारळ तर खाल्ला."

दादाने झेरॉक्स मिटायला घेतली. "बस. हिची परी कामाची नाय. ऐन वेळी नुसती बघत बसते." मी ट्रेकडे बघायला लागले.

"तिचा काय दोष?" शेणव्याचा आडवा आला. "फोडला मी. आनि आमच्यात नारळ नसला तर नुसत्या तांदळानं पन भरतात. शिदोरीत तांदूळ हायत माझ्या."

"मग भर," दादा म्हणाला.

"मी? बाप्यामानूस ओटी भरतो होय?"

"मघाशी ह्याने भरली ना, पहाऱ्यावर."

"तेवा घाईत ध्यानात नाय आलं."

यावर तिघे असे भांडले की राक्षस बिचारा गदा घेऊन नुसता उभा. पुरुषाने भरलेली ओटी चालते का, चालत नसेल तर झोपलेले पहारेकरी आता उठवायचे का, चोराला बाप्या धरायचा का. तेवढ्यात दारात तांदूळ निवडत बसलेली आई सूप घेऊन उठली.

"मी भरते."

"आई, तू खेळात नाहीस," दादा म्हणाला.

"मंग कोन भरनार? तुमच्यातला कोन लुगडं नेसतोय?"

कुणी नेसणार नव्हतं. आईने गुहा कुठे आहे ते विचारलं, परी कुठली ते विचारलं. मी परीचं चित्र आणि नियम असलेला माझा कागद पुढे केला. तिने आतून कुंकवाची कोयरी आणली, मी काढलेल्या परीच्या कपाळावर बोट टेकवलं आणि ओंजळभर तांदूळ कागदावर सोडले. शेणव्याच्या मित्राने नकळत डोक्यावर रुमाल टाकला होता.

दादाने निकाल दिला: नुसते तांदूळ, म्हणून अर्धी शक्ती. अर्ध्या शक्तीत राक्षस मरत नव्हता. मी खूप विचार केला आणि म्हणाले, "परी दोरीची गाठ सोडवते. आणि योद्ध्याच्या तोंडावर पाणी मारते." डबा खुळखुळवला. चौदा आला. तेवढा पुरला. सुटलेल्या चोराने राक्षसाच्या हातची गदा लांबवली, उठलेल्या योद्ध्याने असा वार केला की फूटपट्टी मोडली. आई सूप मांडीवर घेऊन चटईच्या कडेला बसली होती. तांदूळ निवडायचे राहिले होते.

"मेला का?" तिने विचारलं.

"मेला," तिघे म्हणाले.

दादाने कागद गोळा केले. माझ्या कागदावरचे तांदूळ त्याने अलगद सुपात ओतले, कुंकू पुसणार नाही अशी घडी घातली आणि कागद त्या दोघांच्या पात्रांच्या कागदांमध्ये ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या रविवारी दहाला सुरू. उशीर करू नकोस."

मी त्याच घरात राहत होते. तरी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "येते."