मामंजींची आगकवायत

होळी झाली की आमच्या मामंजींच्या अंगात येतं. वाघोडियाच्या पुढे आमचं शेत, त्याला लागून गायरान. उन्हाळ्यात तिथलं गवत इतकं वाळतं की कुणी मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवला, की वारा ती आग हवी तिकडे नेतो. मामंजी, म्हणजे माझे सासरे धनाजीराव, बस डेपोत टाइमकीपर होते आणि त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत. रक्तात फौज नि खिशात शिट्टी! अशा माणसाला आगीचा मोसम म्हणजे पर्वणीच.

शाळेला सुट्टी लागली की आम्ही बडोद्याहून शेतावर राहायला जातो. दर रविवारी दुपारी चारला, आंब्यावर ताव मारून आम्ही आडवे झालो की शिट्टी वाजते. मग आगकवायत. कुणी काय वाचवायचं याची यादी दारामागे चिकटवलेली. समरजित, म्हणजे माझा नवरा: तलवार. मी: जमिनीचे कागद. दहा वर्षांची लेक अबोली: त्याच फौजी पणजोबांची पगडी. सगळं घेऊन रस्त्याकडच्या लिंबाखाली पोचायचं. मामंजी आधीच तिथे, घड्याळ धरून. आमचा विक्रम दोन मिनिटं दहा सेकंदांचा होता. अलकापुरीतल्या ऑफिसात रुबाबात वावरणारा माझा नवरा गंजकी तलवार उगारून अनवाणी पळताना बघणं, हे मला मिळालेलं एकमेव सुख.

यादीत शेवटचं नाव सासूबाईंचं. गंगाबाई: कवायतीनंतरचा चहा.

गवताची गंजी यादीत नव्हतीच. घरामागे उभी ती गंजी म्हणजे दोन म्हशींचं पावसापर्यंतचं पोट. ती गेली तर म्हशी विकाव्या लागणार, आणि म्हशींवर सासूबाईंचा आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त जीव. त्या रोज संध्याकाळी विळा घेऊन गंजीभोवतीची जमीन खरवडत बसायच्या. दोन हात रुंदीचा पट्टा, गवताची काडी नाही.

"म्हातारीला उद्योग नाही," मामंजी म्हणायचे.

"नथी ने, नाहीच उद्योग," सासूबाई म्हणायच्या नि खरवडत राहायच्या.

मग एका बुधवारी, समरजित रजेवर असताना, भर दुपारी खरीच आग आली. गायरानातून चरचर आवाज करत, वाऱ्याबरोबर थेट आमच्या बांधाकडे. मामंजींनी शिट्टी फुंकली. आम्ही इतके तयार झालो होतो की डोकं वापरायची गरजच पडली नाही. तलवार, कागद, पगडी. लिंबाखाली. मामंजींनी घड्याळ बघितलं.

"एक मिनिट पन्नास!" ते ओरडले. "शाब्बास!"

अबोलीने टाळ्या वाजवल्या. मग तीच म्हणाली, "आजी कुठाय?"

आम्ही मागे वळलो. घरामागे धूर होता. आम्ही धावलो, आणि खरं सांगते, आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. सासूबाईंनी पदर खोचला होता, पाठीवर कपाशीचा फवारणीपंप होता. बांध ओलांडून आलेली आग त्यांच्या खरवडलेल्या पट्ट्यापाशी अडली होती, पण ठिणग्या उडत होत्या. जिथे ठिणगी पडेल तिथे त्या पाणी मारत होत्या. पाणी संपलं की हौदाकडे जायच्या, पंप भरून परत यायच्या.

"बघत शुं उभे राहिलात?" त्या ओरडल्या. "गोणपाटं भिजवा!"

समरजितने तलवार टाकली. मी कागद अबोलीच्या हातात कोंबले नि तिला लिंबाकडे पिटाळलं. मामंजी ओलं गोणपाट घेऊन असे झोडपायला लागले की आगीला पळता भुई थोडी झाली. अर्ध्या तासाने सगळं काळं नि शांत होतं. गंजी जागच्या जागी होती. सासूबाईंच्या कपाळावरचे केस जळले होते, आणि त्या आधी म्हशींना पाणी दाखवायला गेल्या.

पुढच्या रविवारी चार वाजता शिट्टी वाजली ती सासूबाईंनी वाजवलेली. मामंजी बाहेर आले तर ओट्यावर पंप भरून ठेवलेला. "घाला पाठीवर," त्या म्हणाल्या. "गंजीला एक फेरी. मी वेळ बघते."

आम्ही खुर्च्या टाकून बसलो. असा तमाशा कोण सोडतो! मामंजींनी पट्टे अडकवले, उठताना एकदा बसकण मारली, मग निघाले. अर्ध्या वाटेत थांबले. गंजीच्या सावलीत टेकले. समरजित हसायला लागला होता, तो खुर्चीवरून उठला.

"केवढं जड आहे हे," मामंजी म्हणाले.

"सोळा लिटर."

"त्या दिवशी किती खेपा केल्यास?"

"पाच."

मामंजींनी तोंडावरून हात फिरवला. "गंगा," ते म्हणाले. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, पण आमच्यासमोर त्यांनी सासूबाईंचं नाव कधी घेतलं नव्हतं. "मी तिकडे लिंबाखाली वेळ बघत उभा होतो गं. चुकलंच माझं."

"बघितलं मी," सासूबाई म्हणाल्या. मग जवळ जाऊन त्यांनी मामंजींच्या खांद्यावरचा घसरलेला पट्टा सरळ केला. "उठा आता. अर्धी फेरी राहिलीय."