कचरा नावाचं फोल्डर

बसवकल्याणच्या स्टँडसमोर मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या माणसाला सगळे अण्णा म्हणतात. गावोगावच्या भजनांची रेकॉर्डिंगं त्याच्या कॉम्प्युटरवर आहेत. हेडफोन तो एकाच कानाला लावतो. दुसरा कान गिऱ्हाइकाचा. एकच भजन दोनदा आलं असेल, तर दोन्ही शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय एकही पुसत नाही. घाई केली की म्हणतो, "थांबा की हो. नाव एक हाय म्हणून भजन एक व्हतंय का?"

आमच्या सप्त्याचं रेकॉर्डिंग साफ करायला मीच त्याच्याकडे दिलं होतं. माझे वडील, अप्पा, दर भजनानंतर माईक घ्यायचे आणि "मागच्यांनी पुढं सरका, जागा हाय!" असं ओरडायचे. मला लाज वाटायची. "तेवढं काढा," मी म्हणालो. त्यानं काढलं.

यंदा अप्पांना लकवा झाला आणि वाचा गेली. मी दुकानात गेलो खरा, पण आपणच काढायला लावलेला आवाज परत मागायचा कसा, ते सुचेना. अण्णाला बातमी कळली होती. त्यानं काही न विचारता 'कचरा' नावाचं फोल्डर उघडलं. आत आमच्या गावाचं नाव होतं.

"कापलेलं मी टाकत न्हाई," तो म्हणाला. "अप्पांना घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःचा हेडफोन अप्पांच्या दोन्ही कानांवर बसवला आणि गिऱ्हाइकांना हातानंच थांबवलं. अप्पा ऐकत राहिले. मग खुर्चीतल्या खुर्चीत हळूच पुढं सरकले.